ताट वाजलं की कान फडफडतो? या चुका टाळा

ताटाळ्यात स्टीलचं ताट ठेवलं की माझ्या उजव्या कानात काहीतरी फडफडतं. गॅलरीच्या जाळीत अडकलेलं पाखरू पंख मारतं ना, अगदी तसं. ताट खणखणलं की फडफड, ताट गप्प की फडफडही गप्प. चमचा बशीत पडला, शेजारचं बाळ किंचाळलं, कुकरची शिट्टी झाली, की पुन्हा तेच. मिक्सरला मात्र काही होत नाही. त्याची घरघर कानाला मंजूर आहे. सात वर्षं झाली याला. त्यातली पहिली दोन मी चुका करण्यातच घालवली. आता ओळखीतलं कोणी "माझ्याही कानात असंच होतं" म्हणालं की दिसतं, त्याच चुका चालू आहेत, बहुतेक त्याच क्रमाने.

मी डॉक्टर नाही. हा कान सांभाळत राहणारी बाई आहे, एवढाच अधिकार.

"कानात आवाज येतो" एवढंच सांगणं

पहिल्यांदा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा मी हेच वाक्य म्हटलं. त्यांनी कानात बघितलं, ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याची चाचणी करायला लावली, रिपोर्ट नॉर्मल आला, "सवय होईल" म्हणाले. तेव्हा राग आला होता. पण ते वाक्य डझनभर वेगवेगळ्या तक्रारींना लागू पडतं. त्यांनी तरी कुठून सुरुवात करायची?

खरं तर आवाजांसाठी आपल्या भाषेत शब्दांचा तुटवडा नाही. फडफड, टकटक, कुरकुर, खरखर, सूं, घूं, भुणभुण, धडधड. घरात हे सगळे सर्रास वापरतो आणि डॉक्टरांसमोर बसलं की शहाण्यासारखं "आवाज" म्हणतो. असं करू नका. खरा शब्द सांगा, लाजू नका.

कारण फडफड किंवा ठकठक बाहेरच्या आवाजाबरोबर सुरू होऊन त्याच्याबरोबरच थांबत असेल, तर संशय मधल्या कानातल्या दोन स्नायूंवर जातो. पडद्यामागे हातोडा, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडं असतात, हे शाळेत शिकलोय. रिकिबीला चिकटलेला स्टेपिडियस हा अंगातला सगळ्यात छोटा स्नायू, जेमतेम सहा मिलिमीटरचा. मोठा आवाज आला की तो रिकीब ओढून धरतो आणि आतल्या कानाकडे जाणारा जोर कमी करतो. दुसरा टेन्सर टिम्पॅनी, तो हातोड्याला धरून असतो. तो चावताना, दचकल्यावर, कधीकधी तोंडावर पाण्याचा हबका मारला तरी आकसतो. हे स्नायू सगळ्यांचेच काम करतात. काहींचे नको तितक्या हळू आवाजालाही उडतात, थरथरतात, आणि तो थरथराट ऐकू येतो.

सूं किंवा गुंई असा कायमचा सूर असेल, पंख्याने, नळाच्या धारेने, बसच्या इंजिनाने तो चढत असेल आणि नंतर तासन्‌तास खाली येत नसेल, तर ती वेगळी गोष्ट. तो टिनिटस म्हणजे कर्णनाद, आणि त्याचा मामला आतल्या कानाचा आणि मेंदूतल्या ऐकण्याच्या वाटांचा. बाहेर काहीही न वाजता ठरावीक तालात टिकटिक होत असेल तर कधी ते टाळूच्या स्नायूचे झटके असतात. त्यात एक गंमत आहे: तोंड मोठं उघडलं की टिकटिक थांबू शकते. त्यामुळे "आ करा" म्हणून बघितलं तर काहीच दिसत नाही, नाकातून दुर्बीण घालून बघावं लागतं. आवाजाने भोवळ येत असेल, किंवा डोळे फिरवल्याचाही आवाज स्वतःला ऐकू येत असेल, तर तसं स्पष्ट सांगा. आतल्या कानातल्या, तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिकेवरच्या हाडाला फट पडल्याने असं होऊ शकतं. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या डॉ. लॉइड मायनर यांनी हा आजार १९९८ मध्ये मांडला. त्याआधी कित्येकांना "मनाचे खेळ" म्हणून घरी पाठवलं गेलं असेल, कोण जाणे.

चेहऱ्याचा लकवा होऊन गेला असेल तर तेही आठवणीने सांगा, दहा वर्षांपूर्वीचा असला तरी. स्टेपिडियसची नस चेहऱ्याचीच. ती भरून येताना तारा उलटसुलट जुळल्या तर डोळा मिचकावला की कान फडफडतो.

मी शेवटी एक वही केली. काय वाजलं, कानात काय झालं (एका शब्दात), कधी थांबलं. दहा दिवसांची ती दोन पानं दुसऱ्या डॉक्टरांनी खरंच वाचली.

तेल, काडी आणि मावशी

"अगं, लसूण घालून तेल कोमट कर आणि दोन थेंब सोड." मावशीचं ऐकून मी सोडले. पावसाळा होता. आठवड्यात कानात बुरशी, खाज आणि वर फडफड होतीच. पडद्याला भोक असेल तर तेल थेट मधल्या कानात जातं, आणि भोक आहे की नाही हे मावशीला बाहेरून दिसत नाही. कापसाच्या काडीने मळ निघतो कमी आणि आत ढकलला जातो जास्त. पडद्याला टेकलेला मळाचा खडा किंवा एखादा केसही जबडा हलवला की कुरकुरतो. म्हणून आधी उजेडात कान तपासून घ्यायचा, तो डॉक्टरांकडून. कित्येकांची गोष्ट तिथेच संपते. रस्त्यावरच्या कान साफ करणाऱ्याकडून तर नकोच.

कान बंद करून बसणं

ही सगळ्यात महागात पडलेली चूक. आवाजाने त्रास होतो ना, मग आवाजच नको, असा माझा सरळ हिशेब होता. फोमचे बोळे आणले. आधी स्वयंपाक करताना, मग बसमध्ये, मग घरभर. चार महिन्यांनी बोळे काढल्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीची चुरचुरसुद्धा कानात टोचायला लागली.

मला वाटलं आजार वाढला. वाढवला होता मीच. अमेरिकेत क्रेग फॉर्मबी आणि सहकाऱ्यांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ऐकणं चांगलं असलेल्या लोकांना दोन आठवडे जवळजवळ अख्खा दिवस बोळे घालायला लावले, तर त्यांना नेहमीचे आवाज आधीपेक्षा मोठे वाटायला लागले. हळू सूं-सूं ऐकवत ठेवल्यावर उलट घडलं, मोठे आवाज सोसायला लागले. आत येणारा आवाज कमी झाला की मेंदू आपला कर्णा वाढवतो. शांततेतही तेच. १९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन यांनी कानाची तक्रार नसलेल्या ८० जणांना आवाजबंद खोलीत बसवलं, तर त्यातल्या ९४ टक्क्यांना काही ना काही ऐकू आलं. त्यांना काही झालेलं नव्हतं. खोली फार शांत होती, एवढंच.

म्हणजे बोळे फेकून द्या असं नाही. विसर्जन मिरवणुकीत, ढोल-ताशा पथकाच्या जवळ, सुतळी बॉम्बच्या गल्लीत घालाच, आणि ज्यांचे कान ठणठणीत आहेत त्यांनीही घाला. कामगारांच्या आरोग्याचं बघणाऱ्या अमेरिकेच्या निओश या सरकारी संस्थेचा हिशेब असा की ८५ डेसिबल आठ तास चालतं, पण १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. डीजेच्या भिंतीसमोर ती पंधरा मिनिटं कधी संपली कळतही नाही. पण भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना बोळे काढा. माझ्यासारखी बरीच घालून झाली असतील तर एकदम नको. रोज थोडा थोडा वेळ कमी करत जा.

कानाऐवजी ताटाळ्याचं काहीतरी करता येतं, हे मला फार उशिरा सुचलं. खाली जुना पंचा घातला, सिंकमध्ये रबराची जाळी टाकली, स्टीलच्या उलथण्याऐवजी लाकडाचं घेतलं. निम्मी फडफड तिथेच गेली. घरच्यांना सांगणंही त्यातच आलं. सासूबाई अजून डबे आपटूनच ठेवतात, पण मग स्वतःच विचारतात, "उठलं का गं तुझं पाखरू?"

रात्री पंखा किंवा हलका पावसाचा आवाज लावून ठेवते. ज्यांचा सूर पंख्यानेच चढतो त्यांनी मात्र आवाज सुराच्या खालीच ठेवावा, सूर बुडवायला जाऊ नये.

मुद्दाम वाजवून बघणं

"आज आहे का बघू" म्हणून मी ताटावर चमचा मारून बघायची. दिवसातून किती वेळा, विचारू नका. टेन्सर टिम्पॅनी हा दचकण्याचा स्नायू आहे; आवाज येणार अशी नुसती धास्ती असली तरी तो आकसू शकतो. ऑस्ट्रेलियात कॉल सेंटरवाल्यांना हेडफोनमधून अचानक कर्कश आवाज बसल्यावर होणारा त्रास तिथल्या ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) मिरियम वेस्टकॉट यांनी अभ्यासला. त्यातही हीच साखळी दिसते: दचकणं, मग भीती, मग आणखी हळू आवाजाला दचकणं. वहीसुद्धा दहा दिवसांनी बंद करा. निदानापुरती ठीक आहे, पुढे ती पहारेकरी होते. दात आवळून धरायची सवय असेल तर दंतवैद्यांना दाखवा. टेन्सर टिम्पॅनी आणि जबड्याचे स्नायू एकाच नसेवर चालतात.

नॉर्मल रिपोर्ट बघून गप्प बसणं

ऑडिओमेट्री विचारते की किती हळू आवाज ऐकू येतो, तोही साधारण २५० ते ८००० हर्ट्‌झमधला. कान फडफडतो का, हे ती विचारतच नाही. त्यासाठी टिम्पॅनोमेट्री लागते, आपल्याकडे तिला इम्पिडन्स टेस्ट म्हणतात. कान फडफडत असतानाच ती केली तर पडद्याची थरथर आलेखावर दिसू शकते. डॉक्टरांना तसं विचारा. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था केंद्र सरकारची आहे आणि ऐकण्या-बोलण्याच्या तक्रारींचीच आहे.

यात एक खाचखळगा आहे, आणि मी त्यात पडले. याच चाचणीत स्नायूची प्रतिक्षिप्त क्रिया बघायला कानात १०० डेसिबलच्या आसपासचे सूर सोडतात. आवाज सोसत नसेल तर खुर्चीत बसण्याआधीच सांगा. तो भाग कमी जोराने करता येतो, सोडताही येतो. एमआरआय सांगितला तर बोळे आणि वरून हेडफोन दोन्ही मागून घ्या, ते यंत्र भयंकर वाजतं.

गोळ्यांचं थोडक्यात. कर्णनादासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या जिन्कगो (एका झाडाच्या पानांचा अर्क), झिंक वगैरेंची शिफारस करू नये, असं अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच सांगितलंय. मी तीन बाटल्या संपवल्यावर वाचलं. स्नायू कापण्याची शस्त्रक्रिया असते, पण ती बाकी सगळं करून झाल्यावरची. तो स्नायू कानाची राखणही करतो, हे आधी विचारात घ्या.

थांबून बघणं, जेव्हा थांबायचं नसतं

एका कानाने अचानक, एकदोन दिवसांत, ऐकू कमी यायला लागलं तर "मळ असेल" म्हणून आठवडा घालवू नका. त्याच दिवशी जा. स्टिरॉइडचा उपचार पहिल्या दोन आठवड्यांत, आणि त्यातही लवकर झाला तरच उपयोगाचा. नाडीच्या ठोक्याबरोबर धडधड ऐकू येणं, भोवळ, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणं, कानातून पू किंवा रक्त, यांनाही वही आणि पंचा लागू नाही. तिथे रिक्षा पकडायची.