मीडियात काम करणाऱ्या मुसलमानांनो, या चुका टाळा

पत्रकारितेत नव्याने आलेली मुलं मुफ्तींना बहुतेक वेळा आधी कॅमेऱ्याबद्दल विचारतात: फोटो काढणं जायज, म्हणजे धर्माला मान्य, आहे का? हा मतभेद जुना आहे. इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच छायाचित्राला परवानगी देणारी पुस्तिका लिहिली. आपल्याकडचे देवबंद परंपरेतले अनेक उलेमा (धर्मपंडित) गरजेपुरतीच मोकळीक देतात. ज्यांना मानता त्यांना विचारा आणि पुढे चला. कारण जास्त गफलती कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, लिहिताना होतात आणि त्यांबद्दल कुणी फतवा मागत नाही.

त्यातली सर्वांत महागडी चूक म्हणजे ‘विश्वसनीय सूत्रांनी सांगितलं’ एवढ्यावर बातमी सोडणं. कुरआनातली सूरह हुजुरात (४९:६) बजावते की फासिक (उघड पापी, बेभरवशाच्या) माणसाने खबर आणली तर शहानिशा करा, नाहीतर नकळत कुणाचं तरी नुकसान कराल आणि मग पस्तावाल. शहानिशा कशी करायची, याची शिस्त मुहद्दिसांनी, म्हणजे हदीस पारखणाऱ्या विद्वानांनी, कधीच घालून दिली आहे. हदीस सांगणाऱ्यांच्या साखळीत नाव न घेतलेल्या रावीला (कथन करणाऱ्याला) मुब्हम म्हणतात. त्याची रिवायत (त्याने सांगितलेली हदीस) घेत नाहीत. ‘एका भरवशाच्या माणसाने सांगितलं’ असं म्हटलं तरी घेत नाहीत, असाच हदीसशास्त्राचे जाणकार इब्न हजर यांचा कौल आहे. तुमच्या लेखी भरवशाच्या असलेल्या माणसाचा दोष दुसऱ्या कुणाला ठाऊक असू शकतो.

म्हणून सूत्राचं नाव छापू नका, हरकत नाही, पण रिपोर्टरला आणि संपादकाला ते माहीत हवं. त्याला विचारा: स्वतः पाहिलंत की ऐकलंत? ऐकलं असेल तर कुणाकडून? यात तुमचं काय अडकलंय? दुसऱ्याच पायरीवर ‘ग्रुपवर आलंय’ असं उत्तर मिळालं की बातमी थांबवा. ‘पुष्टी झालेली नाही, पण व्हायरल होतंय’ ही ओळ जोडून सुटका होत नाही. ऐकलं ते सगळं सांगत सुटणं माणूस खोटा ठरायला पुरेसं आहे, असं सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारलं. त्या वर्षी मुलं पळवण्याच्या अफवेसोबत देशभर फिरलेल्या क्लिपांपैकी एक मुळात कराचीतल्या बालसुरक्षा मोहिमेची फिल्म होती, शेवटचा खुलासा तेवढा कापलेला.

गीबतीच्या, म्हणजे पाठीमागे कुणाची उणीदुणी काढण्याच्या, बाबतीत घोळ दोन्ही बाजूंनी होतो. काही जण ‘गीबत होईल’ म्हणून ट्रस्टमधला घोटाळा दाबतात, काही जण ‘खरंच तर आहे’ म्हणून काहीही छापतात. खरं असेल तेव्हाच तर ती गीबत. खोटं असेल तर बोहतान, म्हणजे खोटा आळ. इमाम नववींनी ‘रियाजुस्सालिहीन’ या हदीससंग्रहात गीबतीला सहा सवलती दिल्या आहेत. त्यांपैकी जुलमाची फिर्याद, वाईट थांबवण्यासाठी मदत मागणं आणि लोकांना सावध करणं या पत्रकाराच्या रोजच्या कामाच्या. मात्र सवलत कामापुरती आहे. जमिनीच्या व्यवहारात अफरातफर केलेल्या विश्वस्ताची बातमी द्या. त्याच्या तलाकाचा परिच्छेद काढून टाका. आणि आरोपी आपल्या मोहल्ल्यातला आहे म्हणून बातमी सौम्य करायची आणि दुसऱ्या समाजातला असला की मथळा चढवायचा, हे आप्तांविरुद्धही खरी साक्ष द्या (४:१३५) आणि कुणाच्या वैरापायी अन्याय करू नका (५:८) असं सांगणाऱ्या दोन आयतींनंतर कुठल्याच तोंडाने करता येत नाही.

क्राइमच्या पानावरचं ‘अनैतिक संबंधातून खून’ हे ठरलेलं शीर्षक घ्या. पोलीस ठाण्यातून फोनवर मिळालेल्या एका वाक्यावर ते लागतं आणि त्यातल्या बाईच्या चारित्र्यावर जन्माचा डाग बसतो. सूरह नूर (२४:४) अशा व्यभिचाराच्या आरोपासाठी चार साक्षीदार मागते. ते नसतील तर आरोप करणाऱ्याला ८० फटके आणि त्याची साक्ष कायमची बाद. त्यामुळे ‘कारणाचा तपास सुरू आहे, असे पोलिसांनी सांगितले’ एवढंच लिहा. बलात्कारपीडितेची ओळख छापणं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हाच आहे. नाव गाळून गाव, शाळा आणि वडिलांचा धंदा दिला तरी ओळख उघडी पडतेच.

आता पाकीट. पत्रकार परिषदेनंतरची भेटवस्तू, बिल्डरचं कूपन, दिवाळीचा चांदीचा शिक्का. जकात गोळा करून आलेला इब्नुल-लुत्बिय्या म्हणाला, ‘हे तुमचं, हे मला भेट मिळालं.’ त्यावर पैगंबर (स.) म्हणाले, बापाच्या नाहीतर आईच्या घरी बसला असतास तर ही भेट आली असती का? (बुखारी, मुस्लिम.) कसोटी तीच लावा: उद्या नोकरी सोडली तर ही वस्तू घरी येईल का? चहा-बिस्किटांवर कीस पाडू नका. पैसे घेऊन जाहिरात बातमीच्या वेशात छापणं मात्र सरळ फसवणूक आहे. २००९च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात पेड न्यूज केवढी गाजली, ते सगळ्यांना आठवत असेल. अशा मजकुरावर ‘जाहिरात’ असं स्पष्ट लिहायला सांगा. नाहीच ऐकलं, तर निदान त्यावर आपली बायलाइन (बातमीदार म्हणून नाव) लावू देऊ नका.

नमाजेचं आधीच ठरवा. शुक्रवारी १ ते २ची सवड रोस्टर बनताना मागा, ऐन मीटिंगमध्ये नको. दौऱ्यावर सुमारे ८० किलोमीटरच्या पुढे गेलात की कसर (चार रकअतींची नमाज दोन रकअतींत पढणं) लागू होते. शाफई फिक्हचे (धर्मशास्त्राच्या शाखेचे) असाल, कोकणातले बहुतेक आहेतच, तर जुहर-असर (दुपारच्या) आणि मगरिब-इशा (संध्याकाळ-रात्रीच्या) नमाजा एकत्रही पढता येतात. हनफी शाखेच्यांना ही सवलत नाही.

चुकीची बातमी गेलीच तर मनातल्या मनात तौबा करून भागत नाही. कुरआनात २:१६० मध्ये सत्य लपवणाऱ्यांच्या तौबेला सुधारणा आणि उघड सांगणं, दोन्ही जोडलेलं आहे. दुरुस्ती त्याच पानावर, त्याच हँडलवरून द्या. वेबवरची कॉपी गुपचूप बदलू नका. काय चुकलं होतं ते वर लिहा आणि ज्या ग्रुपांवर तुम्हीच लिंक टाकली होती, तिथे दुरुस्तीही टाका.