गेटवेवरून बोट पकडताय? या चुका टाळा

गेटवे ऑफ इंडियाला पोहोचलं की तिकीटवाले हाका मारू लागतात आणि पुष्कळदा पहिलं समोर येईल ते तिकीट घेतलं जातं. घारापुरी (एलिफंटा) बेटावर उतरायचंय की नुसतं पाण्यावर फिरायचंय, एवढं तरी घरून ठरवून निघा.

हार्बर राउंडमध्ये सगळी मुंबई दिसेल असं समजणं

अर्ध्या-पाऊण तासाची ही फेरी कुठेही उतरवत नाही. मरीन ड्राइव्ह आणि सी लिंक तर दिसणारच नाहीत. ते शहराच्या पश्चिमेला आणि गेटवे पूर्वेला. सूर्यास्तासाठी म्हणून संध्याकाळची फेरी घेणारे इथेच फसतात. सूर्य समुद्रात नाही, ताजच्या मागे मावळतो. समुद्रातलाच सूर्यास्त हवा तर नरिमन पॉइंटच्या कठड्यावर बसा, पैसेही वाचतील. पाण्यावरून ताजचे फोटो काढायचे असतील तर सकाळी जा, तेव्हा ऊन दर्शनी बाजूवर असतं. नौदलाच्या जहाजांकडे मात्र कॅमेरा वळवू नका.

सोमवारी घारापुरी

लेणी सोमवारी बंद असतात. आलातच तर मांडव्याची लाँच पकडा. तासाभराचा समुद्र मिळतो, आणि बऱ्याच कंपन्यांच्या तिकिटात अलिबागपर्यंतची बसही असते. पावसाळ्यात गेटवेवरून मांडवा बंद. मग भाऊच्या धक्क्यावरची रो-रो (गाड्याही नेणारी बोट), तीही हवामान बघून.

जॅकेट मांडीवर घेऊन बसणं

१८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. त्यानंतर लाइफ जॅकेट सक्तीचं झालं. उकडतं म्हणून पट्टे मोकळे ठेवू नका. लहान मुलांच्या मापाचं आहे का, हे चढण्याआधी विचारा. लाँच खचाखच भरलेली दिसली तर सरळ पुढची घ्या. वरच्या डेकचे जादा पैसे बोटीत मागतात. ज्यांना बोट लागते त्यांनी ते देऊच नयेत, खाली मधोमध बसावं.

‘पटकन घारापुरी करून येऊ’

एकेरी प्रवासच तासाभराचा. पुढे धक्क्यावरून छोटी रेल्वे किंवा पायपीट, मग शंभरावर पायऱ्या. अर्धा दिवस धराच. आजी-आजोबा बरोबर असतील तर डोलीचा दर आधी ठरवा. आणि उतरतानाच परतीची शेवटची लाँच किती वाजता ते विचारून घ्या. तिकीट येताना पुन्हा दाखवावं लागतं, फेकू नका.