किलिमांजारो : घाई न करता चढायचा डोंगर

टांझानियातल्या किलिमांजारोला, म्हणजे आफ्रिकेतल्या सर्वात उंच डोंगराला, दोर लागत नाही, कडे चढायचं तंत्र लागत नाही, म्हणून लोक त्याला ‘नुसतं चालणं’ म्हणतात. चालणंच आहे, पण ते ५८९५ मीटरपर्यंत, आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. रोज धावणारी तरणीबांड मुलं तिथे ओकताना पाहिलीत मी, आणि रमतगमत येणाऱ्या पन्नाशीच्या बायका शिखरावर पोचलेल्याही. व्यायाम करून जाच, पण उंची अंगवळणी पडायला दिवसच लागतात.

म्हणून पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा, दिवस कापू नका. पाच दिवसांचा मारांगू मार्ग स्वस्त पडतो, झोपायला लाकडी हटही मिळतात. पण होरोंबो हट ३७२० मीटरवर आणि किबो हट सुमारे ४७०० वर. म्हणजे एका दिवसात जवळपास हजार मीटर. तीन हजारांच्या वर झोपायची जागा रोज पाचशे मीटरहून जास्त उंच नेऊ नये असं सांगतात. मारांगूनेच जायचं असेल तर होरोंबोला एक मुक्काम वाढवा. मला विचाराल तर आठ दिवसांचा लेमोशो मार्ग सांगेन. त्यात दिवसा लाव्हा टॉवरला ४६०० मीटरपर्यंत जाऊन रात्री बरांकोला, चार हजारांच्या खाली, उतरून झोपायचं असतं. डोकं तिथे थोडं ठणकतंच, पण शरीर शिकतं. डायमॉक्स, म्हणजे उंचीचा त्रास कमी करणारी गोळी, घ्यायची की नाही हे डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच ठरवा.

गाइड सक्तीचा आहे. कंपनी निवडताना जेवणाच्या यादीआधी हमालांची मजुरी विचारा आणि त्यांच्या पाठीवर किती ओझं देता तेही. नीट उत्तर देत नसतील तर तिथे पैसे भरू नका.

चालताना ‘पोले पोले’, म्हणजे सावकाश, इतक्यांदा ऐकाल की वैताग येईल. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. मध्येच धाप लागली तर वेग जास्त आहे. पहिल्या दिवशी जंगलातल्या सोप्या वाटेवरही हेच.

खरी परीक्षा शेवटच्या रात्री. बाराच्या सुमारास निघतात. ज्वालामुखीची राख-खडी रात्री गोठून घट्ट असते, पाऊल धरते; उन्हं चढली की तोच घसारा होतो, दोन पावलं पुढे आणि एक मागे. नागमोडी चढा, पूर्ण तळवा टेका, काठीवर भार द्या. गेटर्स, म्हणजे बुटाच्या तोंडावरून पोटरीवर बांधायची आवरणं, नसतील तर बुटात खडे जातात, आणि त्या थंडीत बूट काढायची कुणाची इच्छा नसते. पाण्याची बाटली जाड मोज्यात घालून उलटी ठेवा; बर्फ वरून धरतो, त्यामुळे तोंड मोकळं राहतं. नळीने प्यायची पाण्याची पिशवी असेल तर प्रत्येक घोटानंतर फुंकून नळी रिकामी करा. टॉर्चच्या जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत.

स्टेला पॉइंटला आलात की विवराची कडा लागते आणि चढ मवाळ होतो. उहुरू, म्हणजे सर्वात उंच टोक, तिथून साधारण तासाभरावर. बरेच जण इथेच ‘झालं’ म्हणून बसकण मारतात. पाणी पिऊन लगेच उठा, गार पडलेलं अंग पुन्हा हलत नाही.

मात्र डोकं वाढत्या वेगाने दुखतंय, तोल जातोय किंवा विश्रांती घेतानाही धाप लागते आहे, तर विषय संपला. टाचेला बोटं लावत सरळ रेषेत चालता येतंय का, हे गाइड तपासतो. तो ‘खाली’ म्हणाला की हुज्जत घालायची नाही, गोळी गिळून वर जायचं तर नाहीच. अंधार असला तरी उतरायचं.

उतरताना घसाऱ्यात टाच रुतवत, गुडघे किंचित वाकवून या. निघण्याआधी नखं कापा आणि उतार लागायच्या आधी घोट्याजवळच्या नाड्या आवळून घ्या, नाहीतर अंगठे बुटाच्या टोकावर आपटून काळेनिळे होतात.