वर्गमूळ गाठल्याशिवाय ‘मूळ संख्या’ लिहू नका

विभाज्यतेच्या कसोट्या तुम्हाला येतात असं धरून थेट एक संख्या घेतो: २,०२,७६,५१,२८१. तिचे विभाजक किती आणि त्यांची बेरीज किती?

एकक स्थानी १, त्यामुळे २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ३४, म्हणून ३ बाद. ७, ११, १३ यांचा गुणाकार १००१, त्यामुळे तिन्ही एकदम तपासता येतात. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा (स्वल्पविराम पाहून गट पाडाल तर फसाल) आणि आलटून पालटून अधिक-उणे करा: २८१ − ६५१ + २७ − २ = −३४५. ३४५ ला तिघांपैकी कुणानंच भाग जात नाही.

आणि इथंच घात होतो. एवढ्या कसोट्या झाल्या की हात आपसूक ‘मूळ संख्या’ लिहून मोकळा होतो. मी याच जागी फार रखडलो, म्हणून पुन्हा पुन्हा सांगतो: वर्गमूळापर्यंतची एकही मूळ संख्या तपासायची राहिली असेल, तर काहीच सिद्ध झालेलं नाही. या संख्येचं वर्गमूळ ४५,०२९ च्या किंचित पुढे आहे आणि तिचा सर्वांत लहान मूळ अवयव आहे ४४,०२१! ४४,००० पर्यंत नेटानं भागत गेलात आणि थांबलात, तरी उत्तर चूकच. कसोट्यांची यादी पाठ करून घेणारे शिक्षक हे सांगत नाहीत, याचा मला राग येतो.

पण घाबरू नका. सतराव्या शतकात फ्रेंच गणिती फर्मानं याच संख्येवर एक सुंदर रीत दाखवली. वर्गमूळाच्या लगेच वरच्या पूर्णांकापासून सुरुवात करा, त्याच्या वर्गातून संख्या वजा करा आणि बाकी पूर्ण वर्ग आहे का ते बघा. ४५,०३० घेतल्यावर उरतात ४९,६१९. विषम वर्गाच्या दशक स्थानी सम अंकच असतो, इथं १ आहे, सोडून द्या. असं करत ४५,०४१ ला पोहोचलात की उरतात १०,४०,४००, म्हणजे १,०२० चा वर्ग. झालं! ४५,०४१ मधून १,०२० वजा केले की ४४,०२१, मिळवले की ४६,०६१. हे दोन्ही मूळ आहेत का, तेही तपासायचंच. पण आता २११ पर्यंतच जावं लागतं. विभाजक चार, बेरीज २,०२,७७,४१,३६४.

तयार उत्तर देणारं ॲप सुरुवातीला वापरूच नका, असं माझं ठाम मत आहे. कुठली रीत कुठं चालते, हे त्यातून कळत नाही. फर्माची रीत अवयव जवळजवळ असतील तेव्हाच झटपट चालते. ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या खुद्द फर्माला मूळ वाटत होती. १७३२ मध्ये स्विस गणिती ऑयलरनं तिचा ६४१ हा अवयव शोधला. तिथं फर्माच्या रीतीनं फक्त विषम संख्या घेतल्या तरी सोळा लाखांहून जास्त पायऱ्या लागतात, आणि लहान मूळ संख्यांनी ओळीनं भागत गेलात तर ११६ व्या भागाकाराला उत्तर हातात येतं.