इमॅजिका, वॉटर किंग्डम की ठाण्यातलंच काहीतरी? पार्क निवडायच्या आधी काय काय बघायचं

जाहिरातीतला राइड्सचा आकडा पहिले डोक्यातून काढून टाका. पार्कवाले त्या आकड्यात सगळंच मोजतात, दीड मिनिटाची मोठी रोलर कोस्टर पण एक राइड आणि लहान पोरांना बसवून गोल फिरवणारे घोडे पण एक राइड, वर कुठे नुसता धबधब्याखाली नाचायचा रेन डान्स पण त्याच यादीत. त्यामुळे एकाकडे चाळीस आणि दुसऱ्याकडे पंचवीस लिहिलंय म्हणून पहिला भारी असं काही नसतं. दरवर्षी परीक्षा संपल्या की फॅमिली ग्रुपवर जो वाद सुरू होतो ना, तो अर्धा या आकड्यांवरच चाललेला असतो.

आधी जात बघा पार्कची. आपल्याकडे एस्सेल वर्ल्ड होतं गोराईला, १९८९ ला सुरू झालेलं, ते अम्युझमेंट पार्क, म्हणजे मोकळ्या जागेत पाळणे आणि झोपाळे, थीम वगैरे फारशी नाही. ते २०२२ मध्ये बंद झालं. त्याच्या शेजारचं वॉटर किंग्डम १९९८ चं, ते निव्वळ पाण्याचं. खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ ला आलं ते थीम पार्क, म्हणजे राइडच्या मागे गोष्ट, सेट, आवाज, अंधार हे सगळं. नंतर त्यांनी वॉटर पार्क आणि स्नो पार्क पण काढले, पण तिकिटं वेगळी असतात, कॉम्बो घ्यायचं की नाही ते आधी ठरवा. आता या तिघांना एका तराजूत टाकून "कुठलं बेस्ट" विचारलं तर उत्तर कसं येणार? पाण्याचं पाण्याशी, कोस्टरचं कोस्टरशी असं लावून बघा.

मग आपली माणसं धरून यादी करा. प्रत्येक पार्कच्या वेबसाइटवर राइडप्रमाणे उंचीची अट दिलेली असते, ती उघडायची आणि घरातल्या प्रत्येकाच्या नावापुढे तो कशात बसू शकेल ते लिहायचं. पोराची उंची घरी भिंतीला उभं करून मोजा, बुटासकट नाही, गेटवर पट्टी लावतात तेव्हा काका-मामा ओळखीचे असून काही उपयोग नसतो. आई-बाबांना मानेचा त्रास, बीपी, कोणाचं ऑपरेशन झालेलं, वहिनींना दिवस गेलेत, ही नावं मोठ्या राइड्समधून आधीच खोडा. हे केल्यावर चाळीसच्या यादीतून एकेकाला बारा-चौदाच उरतात बऱ्याचदा, आणि तुलना त्या बारा-चौदाची करायची असते.

आता मुख्य गोष्ट, रांग. लोक रांगेची लांबी बघतात, बघायचा असतो वेग. मोबाइलवर स्टॉपवॉच लावा आणि एक गाडी सुटल्यापासून दुसरी सुटेपर्यंत किती वेळ जातो ते मोजा. समजा गाडीत २० सीट आहेत आणि दर तीन मिनिटांनी गाडी सुटते, म्हणजे तासाला २० फेऱ्या, ४०० माणसं. पुढे २०० जण उभे असतील तर अर्धा तास. तेच सहा मिनिटांनी सुटत असेल तर तेवढ्याच रांगेला एक तास. आणि सीट रिकाम्या सोडतात का तेपण बघा, काही ठिकाणी २० च्या गाडीत १३ जण बसवून सोडतात कारण "ग्रुप तोडायचा नाही" असं पब्लिकचंच म्हणणं असतं. मोठ्या कोस्टरला बहुतेक दोन गाड्या असतात, एक ट्रॅकवर असताना दुसरी भरायची अशी सोय, पण गर्दी कमी असली किंवा एक गाडी दुरुस्तीला असली की एकच चालवतात आणि मग रांग मुंगीच्या वेगाने सरकते. ट्रॅकच्या कडेला किंवा शेडमध्ये दुसरी गाडी पडून दिसली तर समजून जा. चांगलं पार्क आणि बरं पार्क यातला फरक मला तर इथेच सगळ्यात जास्त दिसतो, कारण लोखंड पैसे टाकून कोणीपण आणतं, माणसं भराभर बसवून, बेल्ट नीट तपासून, न ओरडता गाडी सोडणारा स्टाफ तयार करायला वेळ लागतो.

कोस्टरचा दर्जा ओळखायचा तर उंचीपेक्षा हादरे बघा. इमॅजिकाची नायट्रो ही स्वित्झर्लंडच्या बोलिजर अँड माबियार कंपनीची आहे, जगातल्या मोठ्या पार्कांना कोस्टर देणारी कंपनी. फ्लोअरलेस प्रकार, म्हणजे स्टेशनवर तुम्ही बसलात की पायाखालची फरशीच सरकते आणि पाय अधांतरी. पहिल्यांदा बसणारा तिथेच देवाचं नाव घेतो. वर चढताना जो टक-टक-टक आवाज येतो त्याला घाबरू नका, ती गाडी मागे घसरू नये म्हणून लावलेली खिट्टी असते, दातांवरून सरकते म्हणून वाजते. कान द्यायचा तो उतारावर आणि लूपमध्ये. गाडी गुळगुळीत वळतेय की खांद्यावरच्या पट्ट्यात डोकं डावी-उजवीकडे आपटतंय? आपटत असेल तर ट्रॅक किंवा चाकं थकलीत नाहीतर मुळात डिझाइन जुनं आहे. चाकं वरून, बाजूने आणि खालून अशी तिन्हीकडून रुळाला धरून असतात, त्यांच्यावरचं पॉलियुरेथेन (रबरासारखं प्लास्टिक) झिजलं की सगळं हाडात जाणवतं. शेवटी थांबताना कसं थांबते तेही बघा, चुंबकाचे ब्रेक असतील तर वेग हळूच कमी होतो, जुन्या पकडणाऱ्या ब्रेकला झटका बसतो. अजून एक, पुढे बसलात तर समोर मोकळं दिसतं, मागे बसलात तर उतारावर ओढल्यासारखं होतं आणि सीटवरून जास्त उचलायला होतं, तेव्हा एकदा पुढे बसलेला आणि एकदा मागे बसलेला असे दोघे एकाच कोस्टरबद्दल भांडत असतील तर दोघंही खरंच बोलतायत. ऑफिसमधला कोणीतरी बंगळूर किंवा कोचीचं वंडरला करून आलेला असतो आणि तिथलीच कोस्टर भारी म्हणत बसतो, त्याला आधी विचारा कुठे बसला होतास.

अंधारातल्या आणि गोष्टीवाल्या राइड्स, म्हणजे इमॅजिकातला सलीमगढसारखा भुताटकीचा किल्ला नाहीतर बंदुकीने नेम मारत जायची अलीबाबा, यांची परीक्षा वेगळी. इथे वेग नसतोच, त्यामुळे मेंटेनन्स उघडा पडतो. किती पुतळे हलायचे बंद झालेत, कुठल्या स्पीकरमधून खरखर येतेय, एक्झिटचा हिरवा दिवा सगळा सीन खातोय का, बंदुकीचा नेम लागतोय पण स्कोअर वाढत नाहीये का. इमॅजिकाची राजासॉरसवाली पाण्याची राइड मला यासाठी आवडते की विषय आपल्याकडचा घेतलाय. राजासॉरस खरोखरचा डायनासोर आहे, गुजरातमध्ये नर्मदेच्या पट्ट्यात त्याची हाडं सापडली, २००३ मध्ये नाव दिलं. पोरांना हे रांगेत सांगा, रांग जरा बरी जाते. आय फॉर इंडियासारख्या स्क्रीनवाल्या राइडला मधल्या सीट मागा, कडेला बसलं की चित्र वाकडं दिसतं, आणि सीटची हालचाल चित्राच्या मागे पडत असेल तर पोटात ढवळतं, ती पण क्वालिटीचीच खूण.

पाण्याच्या पार्कात नाकाने सुरुवात करा. क्लोरीनचा उग्र वास आला की लोक म्हणतात "वा, स्वच्छ ठेवलंय", उलट आहे ते. तो वास घाम आणि लघवीशी क्लोरीनची रिअॅक्शन होऊन जे तयार होतं त्याचा असतो, म्हणजे पाण्यावर लोड जास्त झालाय. व्यवस्थित पाण्याला फार वास येत नाही. मग वेव्ह पूलच्या, म्हणजे लाटांच्या तलावाच्या, खोल बाजूला बघा, तळाची लाइन किंवा जाळी स्पष्ट दिसली पाहिजे, नसेल दिसत तर पोरांना कडेलाच ठेवा कारण जे तुम्हाला दिसत नाही ते लाइफगार्डलाही दिसत नाही. लाइफगार्ड पाण्याकडे बघतोय की मोबाइलमध्ये, दर थोड्या वेळाने जागा बदलतायत का, हे उभं राहून पाच मिनिटं बघायला काहीच पैसे पडत नाहीत. स्लाइडवर जोड कसे आहेत ते पाठीला कळतंच, फायबरचे तुकडे नीट बसले नसतील तर प्रत्येक जोडावर ओरखडा. आणि ट्यूब! स्लाइडची रांग एक आणि ट्यूबची रांग दुसरी असेल तर समजा ट्यूबा कमी आहेत. कॉटनचे कपडे कुठेच चालत नाहीत, नायलॉनचे घरूनच न्या नाहीतर भाड्याने घ्या, ते ओले-ओले हातात मिळतात.

ठाण्याची टिकुजिनी वाडी, घोडबंदर रोडचं सूरज, भिवंडीचं शांग्रिला या जवळच्या लहान पार्कांना लोक उगाच कमी लेखतात. पाच-सहा वर्षांची पोरं असतील तर त्यांना नायट्रोचा उपयोग शून्य, आणि जाता-येता प्रवासात जो वेळ वाचतो तो पाण्यात खेळायला मिळतो.

प्रवासाचं गणित मांडाच. वॉटर किंग्डमला बोरिवलीहून गोराई जेट्टी आणि तिथून बोट, किंवा मार्वेहून बोट. गाडी घेऊन भाईंदर-उत्तनकडून जाता येतं पण लांब पडतं. इमॅजिकाला एक्सप्रेसवेने खोपोली-पाली रस्त्याला, स्वतःची गाडी नसेल तर खोपोली लोकल, ती मोजकीच असते, परतीची वेळ आधी बघून ठेवा नाहीतर कर्जतला बसून वडापाव खावे लागतील. तिकिटाचे पैसे पार्कात प्रत्यक्ष मिळणाऱ्या तासांनी भागा, मग बोट, टोल, लॉकर, कॉश्च्युम आणि आतलं जेवण त्यात धरा, बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. एवढं केल्यावर स्वस्त वाटणारं कधीकधी महाग निघतं.

रिव्ह्यू वाचताना रेटिंगकडे बघू नका, "नवीन आधी" लावा आणि गेल्या दोन-तीन आठवड्यांतलेच वाचा. "जेवण महाग" हे सगळ्या पार्कांना असतं, ते सोडा. "अमुक राइड बंद होती" असं वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळे लोक लिहीत असतील तर ती खरी माहिती. आम्ही एका पार्कात (नाव नको) ज्या राइडसाठी गेलो तीच मेंटेनन्सला होती आणि तसा बोर्ड गेटच्या आत लावलेला, तिकीट फाडल्यानंतर. तेव्हापासून निघायच्या आदल्या संध्याकाळी फोन करून थेट राइडचं नाव घेऊन विचारतो, "सगळं चालू आहे का" असं विचारलं की उत्तर हो हेच येतं.

दिवस कुठला? शनिवार-रविवार टाळायचा हे सगळ्यांना माहितीय, पण दिवाळीनंतर जानेवारीपर्यंत मंगळवार-बुधवारला शाळांच्या पिकनिकच्या बसेस लागतात आणि तेव्हा रविवार बरा म्हणायची पाळी येते. पावसाळ्यात तिकीट स्वस्त मिळतं पण विजा, जोराचा वारा किंवा मुसळधार असेल तर उंच राइड्स थांबवतात, त्यामुळे जुलैत जायचं तर इनडोअर किती आहे ते मोजून जा, इमॅजिका तिथे पुढे आहे, डीप स्पेस ही कोस्टरसुद्धा आत अंधारातच आहे.

माझं विचाराल तर कॉलेजची पोरं असतील तर इमॅजिका, वीकडेला, गेट उघडताना हजर राहून आधी नायट्रो आणि मग डीप स्पेस, एक्सप्रेस तिकीट (जास्त पैसे देऊन रांग टाळायचं) फक्त गर्दीच्या दिवशी. तीन पिढ्या एकत्र असतील आणि उकाडा असेल तर वॉटर किंग्डम, आजी-आजोबांना सावलीत बसता येईल अशी जागा सकाळीच पकडून. आणि परतीची शेवटची बोट कितीची आहे ते जातानाच जेट्टीवर विचारून घ्या.