गाडी भंगारात देताय? आधी कागद मोडा, मग पत्रा

"भंगारवाल्याला बोलवा, पैसे मोजून घ्या, नंबरप्लेटा माळ्यावर टाका, विषय संपला." हा सल्ला मला आजवर पार्किंगमध्ये, लग्नाच्या पंगतीत आणि एकदा तर आरटीओच्याच रांगेत मिळालाय. विषय संपत नाही. पत्रा गेला तरी सरकारी नोंदणीच्या 'वाहन' पोर्टलवर गाडी तुमच्या नावावर ठणठणीत असते. उद्या त्याच नंबरची प्लेट लावून कुणी भलतं काही केलं, तर पोलीस आधी तुमच्या दारात येणार. माझी, सासऱ्यांची आणि सोसायटीतल्या चौघांची अशा सहा गाड्या मी काढल्यात. त्यातली पहिली नाक घासून काढली, म्हणून हे लिहितेय.

कराचा घोळ आधी निस्तरू. महाराष्ट्रात खासगी मोटारीचा कर नोंदणीच्या वेळीच एकरकमी घेतात. त्यामुळे "गाडी वापरात नाही असा अर्ज टाका, कर थांबेल" हे आपल्या गाडीला लागूच नाही. थांबवायला चालू कर आहेच कुठे? तो अर्ज ट्रक-बसवाल्यांचा, ज्यांना ठरावीक मुदतीने कर भरावा लागतो. त्यांनीसुद्धा तो गाडी उभी करण्याआधी द्यायचा, कुठे उभी करणार ते लिहून. "साहेब, वर्षभर बंदच होती हो," हे नंतर कुणी ऐकत नाही.

खासगी गाडीचा खर्च पंधरा वर्षांनी सुरू होतो. पर्यावरण कर (आम्ही भरला तेव्हा पेट्रोलला ३,००० आणि डिझेलला ३,५०० रुपये, पाच वर्षांसाठी), शिवाय नोंदणीच्या नूतनीकरणाची फी, जी २०२२पासून मोटारीला ५,००० झाली. गाडी काढायचीच असेल तर 'बघू दिवाळीनंतर' करत ही तारीख ओलांडू नका. आणि पंधरा वर्षांच्या आत काढत असाल, तर एकरकमी कराचा काही भाग परत मागता येतो. गाडी जितकी जुनी तितका कमी. नोंदणी रद्द झाल्याचा कागद हातात आल्याशिवाय परताव्याच्या खिडकीवर जाऊ नका.

गाडी तोवर सोसायटीच्या आत ठेवा. रस्त्याकडेला धूळ खात पडली की महापालिका बेवारस म्हणून नोटीस चिकटवते आणि उचलून नेते.

आता खरं दुखणं: एचपी, म्हणजे आरसीवर (गाडीच्या नोंदणीपत्रावर) लिहिलेला कर्जाचा बोजा. हप्ते फिटले की तो आपोआप उतरतो असं निम्म्या पुण्याला वाटतं. मलाही वाटायचं. माझ्या सॅन्ट्रोचं कर्ज फिटून दहा वर्षं झाली होती. गाडी न्यायला ट्रक दारात आला, गाड्या मोडणाऱ्या स्क्रॅप सेंटरच्या पोराने मोबाईलवर नंबर टाकला आणि म्हणाला, "मॅडम, गाडीवर बँक दिसतेय." ट्रक रिकामा गेला. बोजा असलेली गाडी अधिकृत सेंटर घेऊच शकत नाही.

पुढचे चार महिने मी एक कागद मिळवण्यात घालवले. बोजा उतरवायला बँकेची एनओसी लागते आणि फॉर्म ३५ लागतो. दोन प्रती, दोन्हींवर बँकेचा शिक्का आणि सही. माझी शाखा जागेवर नव्हती आणि विलीनीकरणात बँकेचं नावही बदललेलं. आरसीवर जुनं नाव, पत्र नव्या लेटरहेडवर, झालं, अर्ज परत. म्हणून आताच सांगते: पत्रात 'पूर्वीची अमुक बँक' हे शब्द घालून घ्या. काउंटरवरचा माणूस "त्याची गरज नसते" म्हणेल. त्याचं ऐकू नका, तिथेच बसून राहा.

दुसऱ्यांदा अर्ज परत आला तो एका अक्षरापायी. चेसिस नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर, सतरा आकडे-अक्षरांचा असतो. बँकेतल्या कुणीतरी पत्रात शून्याच्या जागी इंग्रजी 'ओ' टंकला होता. तो नंबर जगात कुठल्याच गाडीचा असू शकत नाही, कारण चेसिस नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, एक आणि शून्याशी गल्लत नको म्हणून. मला हे तेव्हा ठाऊक असतं तर बँकेतच भांडले असते. आता मी पत्र घ्यायला जाते ती चेसिसचा ठसा घेऊन: बॉनेट उघडायचं, कोरलेला नंबर फडक्याने पुसायचा, वर पातळ कागद धरायचा आणि पेन्सिल आडवी घासायची. नंबर पांढरा उमटतो. काउंटर सोडण्याआधी त्यावर बोट ठेवत पत्रातलं एकेक अक्षर ताडून पाहायचं. मागची रांग कुरकुरते. कुरकुरू दे.

एनओसीला मुदत असते, बहुतेक तीन महिने. ती मिळाली की त्याच आठवड्यात 'परिवहन' पोर्टलवर एचपी काढण्याचा अर्ज भरा. एमएच १२ असेल तर संगम पुलाजवळचं आरटीओ, एमएच १४ असेल तर पिंपरी-चिंचवडचं. राहायला कोथरूडला आणि गाडी चौदाची, असे लोक हमखास चुकीच्या रांगेत तासभर उभे असतात. पोर्टलवर बोजा उतरलेला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ट्रक बोलवायचा नाही.

बाकी सोपं आहे. ई-चलान भरून टाका. नोंदणीकृत स्क्रॅप सेंटरच निवडा; २०२१च्या केंद्रीय नियमांपासून ही पद्धत सुरू झाली. भाव वजनावर ठरतो, म्हणून बॅटरी-स्टेपनी काढून घेऊन वर घासाघीस करू नका. पैसे बँक खात्यातच घ्या. गाडी ताब्यात गेली की सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट मिळतं. ते जपा: नवी गाडी घेताना नोंदणी फी माफ होते आणि करातही सवलत मिळते. केंद्राच्या नियमात खासगी गाडीला ती २५ टक्क्यांपर्यंत आहे, पण राज्य स्वतःचा दर ठरवतं, त्यामुळे शोरूमवाल्याच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका.

गाडी आधीच साध्या भंगारवाल्याला देऊन बसला असाल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते. मुदत उलटली असली तरी जा.

विमा कंपनीला कळवताना नो क्लेम बोनसचं, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचं, पत्र मागून घ्या. तो बोनस गाडीचा नसून तुमचा असतो, नव्या गाडीच्या विम्याला तीन वर्षांच्या आत लावता येतो आणि ५० टक्क्यांपर्यंत असू शकतो. सोसायटीतल्या एका काकांनी तो नुसता आळसापायी घालवला. फास्टॅग बंद करा.

मग दर सोमवारी पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून पाहा. नोंदणी रद्द झालेली दिसेपर्यंत स्क्रॅप सेंटरच्या माणसाचा नंबर मोबाईलमधून काढू नका.