रक्ताचा नमुना देण्याआधी: रुग्ण संघटनेने संशोधनात कसं उतरावं

१९९४ साली अमेरिकेत शॅरन आणि पॅट्रिक टेरी यांच्या दोन्ही मुलांना पीएक्सई हा दुर्मीळ जनुकीय आजार असल्याचं कळलं. काही दिवसांतच संशोधक येऊन मुलांचं रक्त घेऊन गेले. पाठोपाठ दुसरा गट आला, त्यालाही तेच रक्त हवं होतं. आपसात वाटून घ्यायला कुणी तयार नव्हतं. तेव्हा टेरी दांपत्याने १९९५ मध्ये संघटना काढली आणि नमुन्यांची पेढी स्वतःच्या ताब्यात ठेवली. २००० मध्ये जनुक सापडलं. पुढे त्याच्या पेटंटवर शॅरन यांचंही नाव लागलं.

आपल्याकडे सुरुवात रुग्णांच्या यादीपासून करा. ड्युशेनचं, म्हणजे मुलांचे स्नायू हळूहळू कमजोर करणाऱ्या जनुकीय आजाराचं उदाहरण घ्या. नाव, वय, पहिली लक्षणं एवढ्यावर थांबू नका, जनुकीय चाचणीचा पूर्ण अहवाल मागवा. मोबाइलवर काढलेल्या फोटोत नेमकी हवी ती ओळ कापली जाते: ‘४५ ते ५० एक्झॉन नाहीत’, म्हणजे जनुकाचे तेवढे तुकडे गायब आहेत. पेशीला एक्झॉन ५१ वगळायला लावणारं औषध अशा मुलाला लागू पडू शकतं. आजार तोच असला तरी शेजारच्या मुलाला पडेलच असं नाही. यादीत नाव घालायलाही घरच्यांची लेखी परवानगी घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं, पहिला थेंब देण्याआधी लेखी करार करा. कॅनाव्हन या लहान मुलांच्या मेंदूच्या जनुकीय आजाराच्या अमेरिकेतल्या कुटुंबांनी नमुने दिले, पैसाही उभा केला. १९९३ मध्ये जनुक सापडलं, १९९७ मध्ये संशोधकाच्या रुग्णालयाने पेटंट घेऊन त्या जनुकाच्या चाचणीवर शुल्क लावलं. पालक न्यायालयात गेले, पण दिलेल्या नमुन्यांवर त्यांची मालकी २००३ मध्ये न्यायालयाने मानली नाही. म्हणून आधीच विचारा: नमुना आणखी कुणाला देणार? पेटंट निघालं तर चाचणी आम्हाला परवडेल का? निष्कर्ष कळवणार का? आम्ही मध्येच बाहेर पडलो तर नमुन्याचं काय?

संशोधनात रुग्णांचं हित जपलं जातंय ना हे तपासणाऱ्या नैतिकता समितीची मंजुरी बघा, संमतीपत्र मराठीत मागा. सात वर्षांवरच्या मुलालाही समजावून त्याचा होकार घ्यायचा असतो. औषधाची चाचणी असेल तर सीटीआरआय या सरकारी नोंदणीत ती सापडायला हवी.

आणि चाचणीचा आराखडा ठरतानाच बैठकीत बसा. ड्युशेनवरच्या औषधांच्या अनेक चाचण्यांत सहा मिनिटांत मूल किती चाललं ते मोजतात, म्हणजे व्हीलचेअरवर गेलेला मुलगा बाद. त्याच्या आईला विचारा. ती म्हणेल, ‘घास अजून स्वतः तोंडापर्यंत नेतो, तेवढं टिकू दे.’ हातातली ती ताकद मोजा, असा आग्रह धरा. नंदुरबारहून मुलाला उचलून मुंबईला आणणाऱ्या बापाची बुडालेली मजुरी खर्चात धरली आहे का, हेही तिथेच विचारा.